सुट्टीत टाकीला कोण जेवू घालणार?

२ मे

धाकटे,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. प्रिय नाहीस म्हणून नव्हे. ते वाचून तुझं डोकं फिरेल आणि पुढचं वाचायचं राहून जाईल म्हणून. हे पत्र कामाचं आहे. प्राचार्यांनी लिहायला सांगितलंय. "तुमच्या भगिनींनीच ना ती टाकी बांधली? मग विचारा की त्यांना," म्हणाले. आपण एकमेकींशी बोलत नाही हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे मग का, तेही सांगावं लागतं.

फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान पोस्टमन हातात देतो.

तर काम असं. होस्टेलच्या मेसमागच्या बायोगॅसच्या टाकीचा तू काढलेला आराखडा हवा आहे. ऑफिसातल्या प्रतीला कपाटात ओल लागली आणि सगळे कागद एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली आहे. अपारंपरिक ऊर्जेसाठी ज्यांनी आपल्या कॉलेजला निधी दिला, त्यांचा माणूस जूनमध्ये तपासणीला येणार आहे. होस्टेल उघडायच्या आधी, मुद्दाम. त्यांनाही आता अनुभवानं शहाणपण आलंय. पोरी असतात तोवर मेसचं खरकटं भरपूर, टाकी पोटभर जेवते, गॅस जळतो, फोटो निघतात. सुट्टी लागली की मेस बंद, टाकी उपाशी, आतले जीव मरून जातात, आणि पुढच्या वर्षी ती नुसती शोभेला उभी. बऱ्याच कॉलेजांत असं झालंय म्हणे. म्हणून आता सुट्टीत येऊन शेगडी पेटवून बघतात. पेटली तर निधीचा राहिलेला भाग आणि नव्या इमारतीत दुसरी टाकी. नाही पेटली तर राम राम.

दुसऱ्या बाजूला सोलर कंपनीचा माणूस प्राचार्यांच्या केबिनमध्ये मुक्कामाला आहे. पोरींनी जायच्या आधी त्याचं नाव चकचकीत ठेवलं. बूट, दात, माहितीपत्रक, सगळंच चकचकीत. कंपनी छतावर फुकट पॅनेल बसवणार, आपण पंचवीस वर्षं त्यांच्याकडून वीज घ्यायची. माझं पॅनेलशी काही भांडण नाही, छत नाहीतरी उन्हात तापतच असतं. पण त्यांच्या यंत्रांच्या खोलीला मेन स्विचजवळ जागा लागते, आणि तिथे टाकी आहे. टाकी तपासणीत पास झाली तर खोली दुसरीकडे. नापास झाली तर टाकी बुजवून तिच्यावर खोली. हिशेब एवढा सोपा आहे.

तोवर सुट्टीत टाकीला जेवू घालायचं काम माझ्याकडे आलंय. रेक्टर नाहीतरी इथेच राहते, असं मीटिंगमध्ये ठरलं. मी हो म्हणाले. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणते.

आईबद्दल काही लिहीत नाही. आराखडा पाठव.

ताई


१० मे

धाकटे,

आराखडा मिळाला. म्हणजे प्राचार्यांना मिळाला, ईमेलनं. सोबत 'सादर' एवढाच शब्द. माझ्याकरता त्यात काही नव्हतं. मी दोनदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नाही हो, नुसता आराखडाच आहे. का?" मी म्हटलं, सहज.

तरीही लिहितेय. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, आणि संध्याकाळी दुसरं काही नसतं.

टाकीला खायला शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आलेत. सकाळी बादली घेऊन बाजारात जाते. भाजीवाली पहिल्या दिवशी म्हणाली, "किती शेळ्या आहेत, बाई?" मी म्हटलं, एकच आहे, पण फार मोठी आहे. आता ती कोबीचा पाला, सडके बटाटे, पिचलेली केळी वेगळी काढून ठेवते आणि शेळीची चौकशी करते. परवा विचारलं, "दूध किती देते?" मी म्हटलं, दूध नाही, गॅस देते. तेव्हापासून ती माझ्याशी जरा सांभाळून बोलते.

मेसचा आचारी इथेच मागच्या खोलीत राहतो, तो त्याची भाताची पेज आणून ओततो. ढेरपोट्या निम्मा वर असतो. पोरींनी टाकीला दिलेलं हे नाव तुला आवडलं नव्हतं, पण आता सगळे तसंच म्हणतात. गॅस भरला की लोखंडी ड्रम वर येतो, संपला की खाली बसतो, म्हणजे नाव काही चूक नाही. आई रोज सकाळी खिडकीतून बघून सांगायची, "आज पोट चांगलं फुगलंय," किंवा "आज तोंड पाडून बसलाय, काल पोरींनी काहीतरी आंबट टाकलं असणार." मग मेसमध्ये जाऊन चौकशी. आंबट नको, खारट नको, तेलकट नको, शिळं चालेल पण आंबलेलं नाही. आपल्या दोघींना लहानपणी हीच यादी होती, आठवतं? आपण मोठ्या झालो आणि तिची यादी रिकामी पडली होती. तू टाकी बांधलीस आणि तिला परत कामाला लावलंस.

आईबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. असो.

तिची खोली तशीच आहे. मी रोज झाडते. चष्मा खिडकीत, शाल खुर्चीवर. फडताळात तिच्या बरण्या, मिठातली लिंबं, मिरच्या, सगळ्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. मी आत जाते, केर काढते, बाहेर येते. काही होत नाही. आचारी परवा म्हणाला, "मॅडम, एकदा मोकळ्या होऊन रडून घ्या." जसं काही ते राहून गेलेलं घरकाम आहे. मी म्हटलं, बघते.

तुला रडू येतं का? उत्तर द्यायची गरज नाही.

ताई


१८ मे

धाकटे,

ढेरपोट्या खाली बसलाय.

गेल्या शनिवारपासून वर येईना. आधी वाटलं पाइपात पाणी साचलं असेल. आचाऱ्यानं तू दाखवलं होतंस तसं कॉक सोडून पाणी काढलं, तरी तेच. शेगडी पेटवली तर पिवळी ज्योत फडफडली आणि गेली. टाकीच्या तोंडाशी वास बदललाय. पूर्वी गोठ्यासारखा यायचा, आता नाकात झणझणतो. आचारी वाकून म्हणाला, "मॅडम, याचं पोट बिघडलंय. काय खाल्लं यानं?"

मी म्हटलं, ऊन फार आहे, त्यानं झालं असेल.

प्राचार्य स्वतः येऊन बघून गेले, नाकाला रुमाल लावून. बरोबर चकचकीत होता. तो मोठ्या सहानुभूतीनं टाकीकडे बघत होता, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. मग मला म्हणाला, "मॅडम, पॅनेलचं एक बरं असतं. त्याला सुट्टीत खायला घालावं लागत नाही."

बरोबर आहे त्याचं. पॅनेल सकाळी कुणाची वाट बघत नाही, कुणी गेलं तर त्याला पत्ता लागत नाही. कॉलेजला असंच काहीतरी हवं. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रयत्न केलात ना? आणि शेवटी ही टाकी म्हणजे, तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं... मला तर ती रोज समोर दिसलेलीही आवडत नाही." माणूस वाईट नाही. अंत्ययात्रेला सगळ्यात शेवटपर्यंत थांबला होता.

तपासणीला तीन आठवडे आहेत. तू इंजिनियर आहेस. उन्हानं असं होतं का?

ताई


२० मे

धाकटे,

उन्हानं होत नाही. मला माहीत आहे. परवाच्या पत्रात खोटं लिहिलं.

मी आईच्या बरण्या टाकीत रिकाम्या केल्या. सगळ्या.

त्या दिवशी खोली झाडताना एका बरणीवर नजर गेली. चिठ्ठीवर 'पुढच्या वर्षी उघडणे' असं लिहिलेलं. मला वाटलं, पुढच्या वर्षी ही उघडणार कोण? मी खाणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. केराच्या डब्यात टाकायला हात धजेना. तुला ठाऊक आहे, तिला अन्न टाकलेलं खपायचं नाही. ताटात घास उरला की म्हणायची, "टाकीला घाल, म्हणजे वाया जाणार नाही." तेवढं एकच वाक्य डोक्यात होतं. मी बरण्या एक एक करून खाली नेल्या, तोंडाशी उलट्या केल्या, बादलीभर पाणी ओतलं, बरण्या धुऊन पालथ्या घातल्या. मग अंघोळ करून बाजारात गेले.

आंबट नको, खारट नको. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. ओततानाही माहीत होतं. पण ते माहीत असणं कुठेतरी लांब, शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखं होतं. हात थांबला नाही. आधीच अर्धपोटी असलेल्या टाकीला मी वर्षानुवर्षांचं मीठ आणि लिंबं पाजली.

मला याचं वाईट वाटायला हवं. मी बसून वाट बघितली. काही वाटलं नाही. आता रिकामं फडताळ बघते आणि एवढंच मनात येतं की कागद बदलायला झालाय. धाकटे, मला भीती वाटते ती याची. टाकीची नाही.

एकही बरणी राहिली नाही. आईनं तुझ्याबरोबर दिलेली बरणी तर तू कधीच संपवली असशील. लिंबाची फोड चोरून खाण्यात तुझा हात कुणी धरला नव्हता.

आता मागणं. तू तिकडच्या कॉलेजात टाकी बांधलीस तेव्हा इथून टाकीतली दोन डबे स्लरी घेऊन गेली होतीस. आईनं डब्यांची तोंडं फडक्यानं बांधून दिली होती आणि वर म्हणाली होती, "विरजण आहे ते, गाडीत सांडू नकोस." तुझी टाकी त्या विरजणावर लागली. म्हणजे आपल्या टाकीतलं जे होतं ते तुझ्याकडे जिवंत आहे. त्यातले दोन डबे परत दे. इथे आजूबाजूला दुसरी चालू टाकी नाही. ताजं शेण घालून नव्यानं सुरू करायचं तर तपासणीपर्यंत काही जमणार नाही, हे तूच पूर्वी सांगितलं होतंस.

प्राचार्यांना बरण्यांचं बोलले नाही. आचाऱ्याला अंदाज आला असावा, कारण धुतलेल्या बरण्या त्यानंच उचलून आत ठेवल्या.

ताई


२७ मे

धाकटे,

आज प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून तुझी ईमेल दाखवली.

"टाकी माणसाच्या रोजच्या श्रमाशिवाय चालत नाही आणि हे श्रम कॉलेजकडून कुणाला नेमून दिलेले नाहीत. छतावरील पॅनेलचा प्रस्ताव स्वीकारावा व टाकी बुजवावी, अशी माझी तांत्रिक शिफारस आहे. या टाकीपायी एक माणूस गेलेलं आहे." खाली तुझं पद, शिक्का, सगळं व्यवस्थित.

प्राचार्य खूश होते. "तुमच्या भगिनी फार व्यवहारी आहेत हो," म्हणाले. मी म्हटलं, हो, पहिल्यापासून.

मी विरजण मागितलं आणि तू कुदळ पाठवलीस. ठीक आहे. श्रमांचं तू लिहिलंस ते खरंच आहे. पण शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. ते तू हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मला तोंडावर बोललीस, तेव्हा मी ऐकून घेतलं. "तुमच्या कॉलेजच्या फुकटच्या गॅसपायी आई गेली. तू तिला मोलकरीण केलंस." आचारी होता, दोन पोरी होत्या. मी गप्प राहिले, आणि तू त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. आता तेच शिक्का मारून आलंय, म्हणून मला बोलावं लागतंय.

त्या आठवड्यात तुझा फोन आला होता, आठव. "आईला बादली उचलू देऊ नकोस. नाहीतर मी येऊन तिला घेऊन जाईन." मला तुझं पटलं होतं. तिचा तोल जायला लागला होता, मलाही दिसत होतं. म्हणून मी बादली माळ्यावर टाकली, तिचा हात पोचणार नाही अशी. मला वाटलं, बादली नाही म्हणजे प्रश्न मिटला. मी निश्चिंत मनानं कॉलेजात गेले.

तिनं शोधली असणार. मग मेसमधलं मोठं पसरट पातेलं घेतलं, पेजेनं भरलं आणि निघाली. बादली एका हातात धरता येते, धाकटे. टाकीच्या पायऱ्यांना तू तिच्यासाठीच कठडा लावून घेतला होतास. रोज ती एका हातात बादली आणि एका हातानं कठडा धरून चढायची. पातेल्याला दोन्ही हात लागतात.

कठडा होता. धरायला हात मोकळा नव्हता.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बोलले असते तर हे सांगावं लागलं असतं. मग तो फोन तू जन्मभर कानाला लावून बसली असतीस. मी तुझ्यासाठी गप्प राहिले असं मात्र समजू नकोस. माझ्यात एवढा मोठेपणा नाही. मला तेव्हा तोंड उघडायचंच त्राण नव्हतं, आणि नंतर गप्प राहणं सवयीचं झालं. तुझ्यावर ढकलतही नाही. बादली मी ठेवली. तू म्हणालीस, मी ऐकलं, आईनं नाही ऐकलं. आपण तिघींनी मिळून ते केलं, आणि त्यातल्या एकीनंही वाईट मनानं केलं नाही.

टाकीनं काही केलेलं नाही. ती बिचारी तोंड उघडं ठेवून बसली होती.

राग आलाय मला तुझा. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी आलंय, म्हणून मी त्याला जा म्हणत नाही.

टाकीचं खाणं मी बंद केलंय. थोडा चुना कालवून घालते, रोज काठीनं ढवळते. पोट बिघडलं की आई आपल्याला उपाशीच ठेवायची. बुजवायचं असेल तर बुजवा, पण तपासणी होईपर्यंत मी हलणार नाही, हे प्राचार्यांना आज स्पष्ट सांगितलं. ते गडबडून म्हणाले, "अहो, मी कुठे काय म्हणतोय!" खूप दिवसांनी मी कुणाला तरी नाही म्हणाले.

उत्तर नको.

ताई


१२ जून

प्रिय धाकटे,

या वेळी खोडलं नाही.

पार्सल मिळालं. पार्सल ऑफिसातला माणूस दोन्ही डबे हात लांब करून धरून बाहेर आला. "मॅडम, आत काय आहे? रात्रभर आमची माणसं दार उघडं ठेवून बसली." मी म्हटलं, विरजण. तो म्हणाला, "कशाचं?" मी म्हटलं, आमच्या घरचं. त्यानं सही घेतली आणि पेन परत घेतलं नाही.

डब्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली होती. गाठ आईचीच, दोन पदर उलट घालून मारलेली. ती तुला येते हे मला माहीत नव्हतं. मला येत नाही.

वर तुझी चिठ्ठी होती, "आधी उपाशी ठेव. मग पेज, कोमट, थोडी थोडी. आंबट नको, खारट नको." बाकी काही नाही. मी ते वाचलं आणि क्षणभर कुणाचं अक्षर आहे ते कळेना.

तसंच केलं. मी आणि आचाऱ्यानं डबे ओतले, ढवळलं, झाकलं. मग नुसती वाट. मी खिडकीतून बघायची, आईच्याच खिडकीतून. ड्रम हलेना. भाजीवालीनं विचारलं, "शेळी बरी आहे का?" मी म्हटलं, आजारी आहे. तर ती म्हणाली, "मग कोबी नका घालू, पोट फुगेल." मी म्हटलं, फुगू दे हो, तेवढंच हवंय. मला हसू आलं. रस्त्यात उभी राहून मी एकटीच हसत होते आणि ती मला पाणी देऊ का विचारत होती.

पुढच्या सोमवारी सकाळी ड्रमच्या कडेला ओला पट्टा दिसला. बोटभर. रात्रीतून तेवढा वर आला होता. मी आचाऱ्याला हाक मारली तर तो हात पुसत धावत आला, बघितलं आणि म्हणाला, "आज तोंड हसरं आहे." आईचं वाक्य.

काल तपासणी झाली. निधीचा माणूस सर्दीनं बेजार होता, त्यामुळे वासाचा प्रश्नच आला नाही. तुझा आराखडा उघडून तो सगळं बघत फिरला. मग मेसमध्ये आला आणि म्हणाला, "पेटवा." प्राचार्य आणि चकचकीत दारात उभे. आचाऱ्यानं काडी लावली. नुसतीच फुस्स. दुसरी लावली, तीही गेली. तिसऱ्या काडीला ज्योत धरली, करंगळीएवढी, पण निळी. त्या माणसानं चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बसला. आम्ही चौघं उभ्यानं एका पातेल्याकडे बघत होतो. फार वेळ लागला, पण पाणी उकळलं. त्यानं चहा प्यायला, नाक शिंकरलं आणि कागदावर लिहिलं, 'चालू. गॅस कमी, परंतु चालू.' खाली आणखी एक ओळ लिहिली, टाकीसाठी पगारी माणूस नेमावा. तुझ्या ईमेलमधली ती गोष्ट मी त्याला सांगितली होती. बाकीची नाही.

पॅनेलही येणार आहेत. यंत्रांची खोली सायकल स्टँडच्या मागे होईल. चकचकीतनं जाताना माझ्याशी हात मिळवला. "मॅडम, पेशंट वाचला," म्हणाला. मी त्याला चहा दिला.

हे झालं टाकीचं. आता दुसरं.

पार्सलमध्ये डब्यांच्या मध्ये जुन्या साडीत गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं. मी ते त्या दिवशी उघडलं नाही, तपासणीनंतर बघू म्हणून आईच्या फडताळात ठेवलं. काल संध्याकाळी उघडलं. बरणी. आईच्या चिठ्ठीवर तू तुझी चिकटवली आहेस, "ही टाकीला नाही. तुला."

मला वाटलं होतं तू कधीच संपवली असशील. ती अर्धीसुद्धा झालेली नव्हती. तू, जिला मी फडताळाची किल्ली देत नसे. म्हणजे तूही रोज बघत होतीस आणि हात लावत नव्हतीस.

मी ताटात गरम भात घेतला. एक फोड काढली. आधी मीठ लागलं, मग आंबट, मग ती साल, आईला लागायची तशी मऊ. घास गिळला आणि मग मला रडू आलं. हळूबिळू नाही. ताट बाजूला सारून, भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून. आचारी दारापर्यंत आला, बघितलं आणि दार ओढून घेऊन गेला. आई गेली, धाकटे. ती नाहीये. मला ते काल कळलं.

उरलेला भात मी संपवला. टाकीला घातला नाही.

होस्टेल सोमवारी उघडतंय. पोरी आल्या की खरकट्याची चिंता नाही. बादली मी माळ्यावरून काढलीय, कठड्याला टांगली आहे.

तू ये. कामासाठी नको, नुसती ये. बरणीतली अर्धी लिंबं तुझ्यासाठी ठेवली आहेत. मोजून नाही, नजरेच्या अंदाजानं, म्हणजे भांडायला जागा राहील.

ताई